इंग्लंडची हौशी अजिंक्यपद स्पर्धा: १८६६ ची आणि १८८० ची

व्हिक्टोरियन काळातील इंग्लंडच्या मैदानी विजेत्यांची यादी १८६६ पासून सलग छापलेली आढळते आणि त्यामुळे ती एकाच स्पर्धेची यादी असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तिच्यात दोन वेगळ्या संस्थांच्या स्पर्धा एकापुढे एक जोडलेल्या आहेत. १८६६ ते १८७९ या काळातील स्पर्धा ‘अमॅच्युअर ॲथलेटिक क्लब’ने भरवल्या, तर १८८० पासूनच्या ‘अमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन’ने. नावे जवळजवळ सारखी, शर्यतीही बहुतांशी त्याच, आणि असोसिएशनची पहिली स्पर्धा तर क्लबच्याच लंडनमधील लिली ब्रिज मैदानावर झाली; तेव्हा गल्लत होण्यात नवल नाही.

फरक होता तो धावायला कोणाला उभे राहू द्यायचे याचा. केंब्रिजचे जॉन चेंबर्स हे क्लबचे सूत्रधार होते आणि हा क्लब मुख्यतः विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या सुखवस्तू तरुणांचा होता. बक्षिसाच्या पैशासाठी धावणारा किंवा खेळ शिकवून पोट भरणारा हौशी नव्हे, एवढ्यावर क्लबची व्याख्या थांबली नाही. यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांनाही तिने नाव घेऊन वगळले. म्हणजे ज्याने आयुष्यात एक पेनीही बक्षीस म्हणून घेतली नाही, असा सुतारदेखील केवळ सुतार असल्यामुळे अपात्र ठरत होता. पैजेच्या शर्यतींतील लबाडीपासून खेळ वाचवण्यासाठी हा नियम आहे असे सांगितले जाई, पण सुताराला वगळण्याचा आणि लबाडी रोखण्याचा संबंध काय, हे कळणे कठीण आहे.

स्पर्धेची तारीखही याच वर्गाच्या सोयीची होती. पहिली स्पर्धा २३ मार्च १८६६ रोजी लंडनच्या बोफर्ट हाउस येथे झाली आणि दुसऱ्याच दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकाशर्यत होती. विद्यापीठाच्या खेळाडूंचा सराव तेव्हा ऐन भरात असे. इंग्लंडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, धावणाऱ्या इतर क्लबांच्या खेळाडूंना मात्र मार्च-एप्रिलमध्ये तयारीनिशी उतरणे अवघड जाई. हा असंतोष वाढत जाऊन १८७९ मध्ये लंडन ॲथलेटिक क्लबने स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर उन्हाळ्यात स्वतःची वेगळी अजिंक्यपद स्पर्धा भरवली. त्यामुळे त्या एका वर्षी अनेक शर्यतींना दोन-दोन विजेते आहेत, आणि जुनी यादी वाचताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इथेच.

हा तिढा सोडवण्यासाठी क्लेमेंट जॅक्सन, माँटेग्यू शर्मन आणि बर्नहार्ड वाइझ या ऑक्सफर्डच्या तिघांनी पुढाकार घेतला आणि २४ एप्रिल १८८० रोजी तेथील रँडॉल्फ हॉटेलात असोसिएशन स्थापन झाली. तिची स्पर्धा ३ जुलैला, म्हणजे उन्हाळ्यात झाली, मजुरांना वगळणारे कलम गेले, आणि पुढची स्पर्धा लंडनबाहेर बर्मिंगहॅमला गेली. परिणाम लवकरच दिसला. १८८१ मध्ये अमेरिकेचा लॉन मायर्स येऊन ४४० यार्डांची शर्यत जिंकून गेला. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केलेल्या वॉल्टर जॉर्जने १८८४ मध्ये बर्मिंगहॅमला एक मैल ४ मिनिटे १८.४ सेकंदांत पार केला. आणि १८८६ मध्ये आजच्या घानातील अक्रा येथे जन्मलेल्या आर्थर व्हॉर्टनने १०० यार्ड १० सेकंदांत जिंकले.

पैशाच्या बाबतीत मात्र नवी संस्था जुनीइतकीच कडक राहिली. स्कॉटलंडचा व्यावसायिक धावपटू विल्यम कमिंग्ज याच्याशी झुंजायचे, तर जॉर्जला हौशीपण सोडावे लागले. २३ ऑगस्ट १८८६ रोजी त्याच लिली ब्रिजवर त्याने कमिंग्जला हरवत मैल ४ मिनिटे १२¾ सेकंदांत धावून काढला. १९१५ पर्यंत त्याहून जलद मैल कोणाच्याही नावावर नव्हता, तरी हौशी विक्रमांच्या यादीत ही वेळ कधीच धरली गेली नाही.