नॅपोरायमो

एप्रिलच्या तीस दिवसांत रोज एक, अशा तीस कविता लिहिण्याचा अमेरिकेत सुरू झालेला उपक्रम. ‘नॅशनल पोएट्री रायटिंग मन्थ’ या नावाचे हे संक्षिप्त रूप. जगभरातून लोक सामील होऊ लागल्यावर ‘ग्लोपोरायमो’ हे नावही त्याला जोडले गेले. यात परीक्षक नाहीत, बक्षीस नाही, एखादा दिवस चुकला तर कोणी बाद होत नाही. रोज एक प्रॉम्प्ट जाहीर होतो, म्हणजे एखादा विषय, रचनाप्रकार किंवा अट. त्यावरच लिहावे अशी सक्ती नसते.

एप्रिल निवडण्यामागे कारण आहे. अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स ही संस्था १९९६ पासून एप्रिल हा राष्ट्रीय काव्यमास म्हणून साजरा करते. फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या आणि मार्चमध्ये स्त्रियांच्या इतिहासाचा महिना पाळतात, त्यावरून ही कल्पना सुचली. कॅनडाने १९९८ मध्ये तिचे अनुकरण केले. या काव्यमासाचा भर मुख्यतः कविता वाचण्यावर आणि शाळा-ग्रंथालयांतून ती लोकांपर्यंत नेण्यावर होता. लिहिण्याची ओढ आली दुसरीकडून. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बॅटी व त्याच्या मित्रांनी महिन्याभरात कादंबरी लिहून काढण्याचा घाट घातला; पुढे त्यातून नोव्हेंबरात ५०,००० शब्द लिहिण्याचा नॅनोरायमो हा मोठा उपक्रम उभा राहिला. कवयित्री मॉरीन थॉर्सन यांनी २००३ मध्ये हाच नेम कवितेला लावला, स्वतः रोज लिहू लागल्या आणि इतरांनाही बोलावले. नॅनोरायमो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली. तिच्यावरून निघालेला कवितेचा हा नेम मात्र टिकून आहे.

रोज लिहिणारे कवी त्याआधीही होते. त्यांत विल्यम स्टॅफर्ड यांचे नाव आधी घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिल्यामुळे त्यांना श्रमछावण्यांत राहावे लागले. दिवसभर अंगमेहनत असल्याने लिहायला पहाटच उरे. ती सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. २८ ऑगस्ट १९९३ रोजी, ज्या दिवशी ते गेले त्या दिवशीही, सकाळी ते लिहायला बसले होते. काही सुचलेच नाही तर काय करता, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे, की अशा वेळी आपल्या अपेक्षा थोड्या खाली आणाव्यात. नॅपोरायमोचा सगळा कणा या सल्ल्यात आहे. आज लिहिलेले चांगलेच व्हायला हवे हे ओझे उतरले, की हात चालू लागतो.

प्रॉम्प्ट हा या उपक्रमाचा सर्वांत रसाळ भाग. ‘पावसावर लिहा’ यासारखा मोघम प्रॉम्प्ट फारसा उपयोगी पडत नाही, कारण पावसाबद्दलची तयार वाक्ये आधीच जिभेवर असतात. अट जितकी नेमकी, तितकी वाट नवी. ‘गोल्डन शॉव्हल’ हा प्रकारच पाहा. अमेरिकन कवी टेरन्स हेझ यांनी कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या सन्मानार्थ तो घडवला आणि २०१० पासून तो पसरला. दुसऱ्या कवीची ओळ घ्यायची आणि तिचा एकेक शब्द क्रमाने आपल्या एकेका ओळीच्या शेवटी आणायचा. मराठीत ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण घेऊन हे करून पाहावे. आपले वाक्य सहसा क्रियापदावर थांबते. इथे चारांपैकी एकही शब्द क्रियापद नाही. पहिली ओळ ‘उथळ’वर संपते, तेव्हा विशेषण वर लटकते आणि त्याचे नाम खालच्या ओळीत उतरते. वाक्य ओळीत मावेनासे होते, आणि एरवी सुचलाच नसता असा विराम कवितेत येतो.

दिलेल्या अटीवर लिहिणे आपल्याला नवे नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत काव्यसमस्यापूरण, म्हणजे दिलेल्या ओळीवरून श्लोक पुरा करणे, आहे, आणि उर्दूतून आलेल्या तरही मुशायऱ्यात दिलेल्या मिसऱ्यावर, म्हणजे ओळीवर, गझल बांधतात. आज मराठी कवींच्या व्हॉट्सॲप समूहांतही रोज एक शब्द देऊन चारोळ्या मागवल्या जातात. पण समस्यापूर्तीत सभेपुढे पुरा झालेला श्लोक ठेवायचा असतो. नॅपोरायमोत रोज तयार होतो तो कच्चा खर्डा. ‘महिन्यात तीस कविता म्हणजे तीस वाईट कविता’ ही टीका हा फरक विसरून केली जाते. तिसांतल्या पाच-सहा जरी पुढे घडवण्याजोग्या निघाल्या तरी महिना सार्थकी लागला म्हणायला हरकत नाही.

पूर्वेकडच्या देशांत एप्रिल आधी उजाडतो, म्हणून ३१ मार्चलाच एक आगाऊ प्रॉम्प्ट दिला जातो. वॉशिंग्टनमध्ये १ एप्रिल लागतो तेव्हा मुंबईत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, त्यामुळे पहाटे लिहिणाऱ्या इथल्या माणसाची त्यावर चांगली सोय होते.

काही संस्थांनी या नेमाला आपापले वळण दिले. टुपेलो प्रेस ही ना-नफा प्रकाशनसंस्था तीस दिवसांत तीस कविता लिहिणाऱ्या स्वयंसेवक कवींच्या नावाने देणग्या जमवते. २०१३ च्या एप्रिलमध्ये ‘फाउंड पोएट्री रिव्ह्यू’ या नियतकालिकाने पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या कथा-कादंबऱ्या कवींना एकेक वाटून दिल्या, ज्याने त्याने महिनाभर आपल्या वाट्याच्या पुस्तकातल्याच शब्दांतून कविता काढायच्या होत्या.

व्यवहाराची एक बाब नव्याने लिहिणाऱ्यांना उशिरा कळते. अनेक इंग्रजी नियतकालिके इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवलेली कविता ‘पूर्वप्रकाशित’ धरतात आणि स्वीकारत नाहीत. म्हणून काहीजण फक्त पहिल्या दोन ओळी जाहीर करतात, तर काहीजण पूर्ण कविता टाकून दुसऱ्या दिवशी काढून घेतात.