आउटबोर्ड इंजिनाची फेरजोडणी

नावेच्या मागच्या फळीला बाहेरून शिकंज्यांनी आवळलेले आणि खालच्या टोकाला पंखा असलेले सुटे इंजिन म्हणजे आउटबोर्ड इंजिन. दुरुस्तीसाठी ते उघडल्यावर पुन्हा जोडताना राहून जाणारे दोष आणि ते शोधण्याची रीत एवढ्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे. बचाव पथकांत या इंजिनाला ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटर) म्हणतात, तर विदर्भातील जलाशयांवर ‘बोटीचे इंजिन’ हेच नाव रूढ आहे.

या इंजिनाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. फ्रेंच विद्युत्‌तज्ज्ञ ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने 1881 च्या सुमारास पॅरिसमध्ये सीन नदीवर नावेच्या मागे बसवलेली, काढता-घालता येणारी विजेची मोटर चालवून दाखवली. केवळ ‘बाहेर टांगलेले यंत्र’ हा निकष धरल्यास अग्रमान त्याच्याकडे जातो. पेट्रोलवर चालणारे असे यंत्र न्यूयॉर्कच्या अमेरिकन मोटर कंपनीने 1896 च्या आसपास थोड्या संख्येने तयार केले. कॅमेरॉन वॉटरमन याने 1905 च्या सुमारास डेट्रॉईट येथे आपल्या यंत्राच्या चाचण्या घेऊन 1907 मध्ये एकस्व (पेटंट) मिळवले, आणि ‘आउटबोर्ड’ हा शब्द त्यानेच रुळवला असे काही लेखक मानतात. अमेरिकेतील मिलवॉकी येथील नॉर्वेजियन वंशाचा कारागीर ओले एव्हिनरूड याचे यंत्र 1909 पासून विकले जाऊ लागले. उन्हाळ्यात तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणताना ते वितळले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. ती गोड असली तरी पुरावा म्हणून तिला फारसे वजन देता येत नाही. प्रस्तुत विषयापुरते पाहता मात्र एव्हिनरूडची मांडणीच महत्त्वाची ठरते. आडवा सिलिंडर, पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा उभा क्रँकदांडा, त्याच्या डोक्यावर फ्लायव्हील हे जड चाक आणि पाण्याखालच्या पेटीत काटकोनात फिरवणारे दाते, हीच रचना पुढे बहुतेक उत्पादकांनी स्वीकारली. फेरजोडणीतील बहुतेक अडचणी या उभ्या मांडणीच्या सांध्यांवरच उद्‌भवतात.

इंजिनाचे तीन भाग पडतात: वरचे प्रत्यक्ष इंजिन, मधला पोकळ पाय आणि खालची गिअरपेटी. दोष शोधताना कारागीर बहुधा आधी कार्बोरेटरला, म्हणजे हवा व इंधन मिसळणाऱ्या भागाला, हात घालतात, कारण मोटारसायकल आणि शेतीपंपाच्या कामात तीच सवय लागलेली असते. जोडणीपूर्वी नसलेला दोष जोडणीनंतर दिसू लागला, तर मात्र शेवटी उघडलेल्या सांध्यापासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते.

गिअरपेटी पायाला जोडताना चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. उभ्या दांड्याचे खाचेदार टोक क्रँकदांड्यात बसले पाहिजे, पाण्याची नळी पंपावरील रबरी कडीत शिरली पाहिजे, गिअर बदलणारी सळई वरच्या जोडाशी मिळाली पाहिजे आणि पेटीतला गिअर व वरचा गिअर बदलण्याचा दांडा एकाच स्थितीत असले पाहिजेत. पेटी वर सरकवताना शेवटी बोटभर फट उरते आणि ती काही केल्या मिटत नाही. खाचा जुळत नसल्याची ही खूण असते. अशा वेळी बोल्ट आवळून फट मिटवणे घातक असते, कारण त्याने पेटीचे कान तडकतात किंवा दांडा वर रेटला जाऊन क्रँकवर दाब येतो. पेटी पुढच्या गिअरमध्ये ठेवून एका हाताने तिला वर उचलून धरायचे आणि दुसऱ्या हाताने पंखा त्याच्या चालण्याच्या दिशेने हळूच फिरवायचा. खाचा जुळताच पेटी ‘खट्’ असा आवाज करून जागेवर बसते. खाचांच्या कडांना ग्रीस लावणे इष्ट असले तरी दांड्याच्या माथ्यावर लावू नये, कारण बंद खाचेत कोंडलेले ग्रीस दांड्याला खाली रेटून धरते. याविषयी जुन्या कारागिरांत एकवाक्यता नाही. माथा कोरडा ठेवण्याकडे उत्पादकांच्या पुस्तिकांचा कल दिसतो व तोच ग्राह्य वाटतो.

पाण्याची नळी कडीबाहेर राहिली, तर इंजिन सुरू होते आणि चालतेही, पण बाजूच्या छिद्रातून पडणारी पाण्याची धार येत नाही व काही मिनिटांतच सिलिंडरचे डोके तापते. धार बारीक असल्यास आधी छिद्रात काडी घालून पाहावी. कुंभारमाशीचे घर त्यात सापडणे आपल्याकडे नवलाचे नाही. धार मुळीच नसल्यास पंपाच्या रबरी इंपेलरकडे, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पाकळ्यांच्या चक्राकडे, वळावे. त्याच्या पाकळ्या दांड्याच्या फिरण्याच्या उलट बाजूला झुकलेल्या असाव्या लागतात, म्हणून पंपाचे झाकण दाबताना दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवतात. पाकळ्या उलट्या बसल्या तरी इंजिन सुरू होताच त्या आपोआप वळतात असा एक समज आहे. नव्या, लवचिक रबराबाबत तो काही अंशी खरा असला, तरी उन्हात पडून कडक झालेल्या पाकळ्या वळण्याऐवजी तुटतात आणि त्यांचे तुकडे थंडाव्याच्या वाटांत जाऊन बसतात. इंपेलरला फिरवणारी बारीक चावी, म्हणजे दांड्याच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा, जोडताना निसटून पडली, तर दांडा फिरत राहतो आणि इंपेलर जागीच उभा असतो. बाहेरून सारे ठीक दिसत असल्याने हा दोष बराच वेळ चकवतो.

फ्लायव्हीलखालच्या अर्धचंद्राकृती चावीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. पाण्यातल्या खुंटावर पंखा आदळला की दांडा थबकतो, पण जड फ्लायव्हील वेगात पुढे जाते आणि मधली मऊ चावी अर्धवट कातरली जाते. सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाच्या दांड्यावर ती एक मिलिमीटर सरकली, तरी ठिणगीची वेळ सुमारे साडेचार अंशांनी बदलते. ठिणगी वेळेआधी पडू लागल्यास सुरू करण्याची दोरी हाताला उलटा हिसका देते आणि कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो. चावी नवी घातली तरी दांड्याचा निमुळता भाग तेलकट राहिला किंवा नट पुरेसा आवळला गेला नाही, तर ती पुन्हा कातरते; निमुळत्या भागाची कोरडी पकडच खरा भार उचलते आणि चावी केवळ जागा दाखवते.

द्विघाती (टू-स्ट्रोक) इंजिनात क्रँककोठी, म्हणजे क्रँकदांड्याभोवतीची पोकळी, हवाबंद असावी लागते, कारण इंधनाचे मिश्रण तिथूनच वर ढकलले जाते. कोठीचे दोन भाग जोडताना सांध्यातला लेप विरळ पडला किंवा तेलसीलची कड दुमडली, तर इंजिन मंद गतीवर डोलू लागते व मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टन चिकटण्याचा धोका निर्माण होतो. सिलिंडरच्या डोक्याचे बोल्ट मधून बाहेर, आडव्यातिडव्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळतात. दोन सिलिंडरांतील दाबात दहा टक्क्यांहून अधिक फरक दिसल्यास पिस्टनवरील रिंगांची टोके खुंटीवर नीट बसली आहेत की नाहीत, याचा संशय घ्यावा लागतो. ठिणगीच येत नसल्यास मात्र सिलिंडर उघडण्याआधी इंजिन बंद करण्याच्या बटणावरची दोरीची क्लिप (ती नसेल तर ठिणगी पडत नाही) जागेवर आहे का, हे पाहावे. ती खिशातच राहिल्यामुळे तासन्‌तास वाया गेल्याचे अनुभव थोडेथोडके नसतात.

चाचणी कोरड्यात घेऊ नये. पाण्याशिवाय काही सेकंदांतच इंपेलर जळू लागतो. गावाकडे यासाठी दोनशे लिटरचे लोखंडी पिंप वापरतात. पाण्याची पातळी पंपाच्या वर असावी आणि पंखा काढून ठेवावा, अन्यथा पाणी उसळून बाहेर पडते. पिंपातली चाचणी धार, ठिणगी आणि मंद गती एवढेच दाखवते. भाराखालचे वर्तन नाव प्रत्यक्ष पाण्यात लोटल्यावरच कळते. उघडून नव्याने बांधलेल्या द्विघाती इंजिनाला पहिले दहा तास तेलाचे दुप्पट प्रमाण, म्हणजे पेट्रोलच्या पन्नास भागांस एकऐवजी पंचवीस भागांस एक, देण्याचा प्रघात आहे.

विदर्भात या इंजिनांचा वापर मर्यादित आहे. भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलावांवर ढिवरांचा (मासेमार समाजाचा) डोंगा वल्ह्यावर किंवा बांबूवर चालतो. इंजिने दिसतात ती मुख्यतः गोसीखुर्द, ऊर्ध्व वर्धा यांसारख्या मोठ्या जलाशयांवर आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतील भामरागडची वाट बंद होते तेव्हा बचावाच्या बोटींवर. गोसीखुर्दच्या पाण्यातील जलपर्णी थंडाव्याच्या जाळीवर साचते आणि बुडालेल्या झाडांचे खुंट फ्लायव्हीलच्या चावीचा बळी घेतात. नायलॉन जाळ्याचा धागा पंख्यामागे दांड्याला गुंडाळला गेला, तर तो सील कापतो. म्हणून पंखा बसवण्याआधी तिथे बोट फिरवून धागा चाचपतात आणि पहिल्या फेरीनंतर गिअरपेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करून तेलाचा थेंब तळहातावर घेतात. थेंब ताकासारखा पांढुरका दिसला, तर पेटीत पाणी शिरलेले असते आणि ती पुन्हा उतरवावी लागते.