एकसष्टावं मूल

उन्हाळ्याच्या सुट्टीत परळ-लालबागच्या चाळींतून दोन-तीन शिक्षिका दारोदार फिरताना दिसतात. ‘यंदा पहिलीला कुणी आहे का घरात?’ एवढंच विचारतात. आमच्या मजल्यावरच्या बाई त्यांतल्याच. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतात. मे महिन्याची सुट्टी त्यांना नावापुरती. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एखादं पद उडतं आणि कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतं.

या धावपळीमागे एक गणित आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार असा हिशेब आहे. म्हणजे मुलं एकेक करून कमी-जास्त होतात, शिक्षक मात्र पायरीपायरीने. ६० मुलांवर एका शिक्षकाच्या वाट्याला ३० येतात. एक मूल वाढलं की तक्त्याप्रमाणे तिसरा शिक्षक मिळतो आणि हाच आकडा वीसवर येतो. साठावर अडकलेल्या शाळेत इयत्ता पाच आणि शिक्षक दोन, मग जोडवर्ग. बाई पहिली-दुसरीला एकत्र बसवतात. एका फळ्यावर बाराखडी, दुसऱ्यावर बेरीज.

थोडं मागे जाऊ. १९५०-५१ मध्ये देशातल्या प्राथमिक शाळांत ५ लाख ३८ हजारांच्या आसपास शिक्षक होते. २०००-०१ पर्यंत ते १९ लाखांच्या जवळ पोचले, म्हणजे साडेतीन पट. भरघोस वाढ वाटते. पण त्याच पन्नास वर्षांत पहिली ते पाचवीतली मुलं १ कोटी ९२ लाखांवरून ११ कोटी ३८ लाखांवर गेली, जवळजवळ सहापट. तुलना ढोबळ आहे, कारण पाचवीपर्यंतची काही मुलं मोठ्या शाळांतही शिकत होती. तरी कल दिसतो. शिक्षक वाढत होते आणि वर्गात दाटीही वाढत होती. एकशिक्षकी शाळेला निदान दुसरा शिक्षक मिळावा, हा १९८७ च्या खडू-फळा मोहिमेचा एक मोठा हेतू होता.

पुढे वारं फिरलं. सर्व शिक्षा अभियान, मग हा कायदा, आणि त्याच सुमारास मुलांची संख्याच ओसरू लागली. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत १.७. २०२४-२५ मध्ये देशातल्या सगळ्या शाळांतले शिक्षक मिळून पहिल्यांदाच एक कोटीच्या वर गेले. त्यात निम्म्याहून जास्त स्त्रिया. (‘गुरुजी’ हा शब्द मुंबईत तरी कधीच मागे पडला. आधी ‘बाई’ आल्या, आता ‘टीचर’.)

मुलं घटली की शिक्षकही आपोआप घटतील असं वाटतं, पण तसं होत नाही. पहिलीत आलेलं मूल पाच वर्षांत प्राथमिकमधून बाहेर पडतं. तेविसाव्या वर्षी लागलेली शिक्षिका अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत, म्हणजे ३५ वर्षं असते; तिच्या हाताखालून मुलांच्या सात तुकड्या जातात. त्यामुळे आजचा शिक्षकांचा आकडा हा गेल्या तीन-साडेतीन दशकांतल्या गरजांचा उशिरा आलेला पडसाद असतो. एखाद्या दशकात जोरात भरती झाली, तर ते सगळे साधारण एकाच काळात निवृत्त होतात. मध्ये भरती थांबली, तर त्या वयाचा खड्डा तसाच पुढे सरकत राहतो. महाराष्ट्रात २०१२ नंतर भरती बराच काळ अडून होती. तो खड्डा पुढची कित्येक वर्षं शिक्षकखोल्यांत दिसत राहील.

मुंबईत याला भूगोल येऊन मिळाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, गिरणगावातली कुटुंबं डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरला गेली. २००१ ते २०११ च्या जनगणनांमध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. उपनगर जिल्ह्याची मात्र ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेली. मुलं आईबापांबरोबर लोकलने निघून गेली, पदं इमारतीपाशी राहिली. परळचा अतिरिक्त शिक्षक नालासोपाऱ्याला सहज पाठवता येत नाही, कारण तिथली शाळा दुसऱ्याच कारभाराखाली. गोवंडीला पाठवता येतो, पण तिथे जागा उर्दू माध्यमाची असली तर मराठी माध्यमाचे बाई-गुरुजी काय करणार? मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर शिक्षक जास्त आणि वरच्या मजल्यावर कमी, असं होऊ शकतं ते त्यामुळेच.

आणि सरासरी हे सगळं झाकून टाकते. समजा, तीन शाळांत प्रत्येकी २० मुलं आणि दोन शिक्षक आहेत. चौथ्या शाळेत ३०० मुलं, आणि रिक्त जागांमुळे शिक्षक सहाच. एकूण ३६० मुलं, १२ शिक्षक, एकास तीस. अहवालात सगळं नियमात. पण ३६० पैकी ३०० मुलं अशा शाळेत बसतात जिथे एका शिक्षकामागे ५० मुलं आहेत. शाळा मोजल्या तर चारांतल्या तीन सुखात, मुलं मोजली तर सहांतली पाच दाटीत. म्हणूनच २०२४-२५ च्या आकडेवारीत तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर देशात एका शिक्षकामागे १३ मुलं दिसतात, आणि त्याच आकडेवारीत एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकीही असतात. दोन्ही खरं.

आमच्या बाईंचा पट यंदा ५८ वर अडकला होता. गणपतीनंतर जालन्याहून तीन भावंडं आली. वडील जवळच्याच टॉवरच्या कामावर. एकसष्ट! बाईंनी त्या संध्याकाळी मजल्यावर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कळलं, धाकट्याचं आधार अजून निघालेलंच नाही, आणि संच मान्यतेला आधार जुळलेलीच मुलं धरतात. ज्या दिवसाचा पट धरतात त्या ३० सप्टेंबरला नऊ दिवस होते. बाईंनी पर्स उचलली आणि त्याच्या आईला घेऊन आधार केंद्राच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.