सुट्टीत भारतात आलेल्या मुलावर अत्याचार झाला तर: परदेशस्थ कुटुंबांसाठी तक्रार, कागदपत्रे आणि भरपाईची प्रक्रिया

परदेशात राहणारं कुटुंब सुट्टीला भारतात येतं, मूल आजोळी, काकांकडे, शेजारीपाजारी मोकळेपणानं वावरतं, आणि एखाद्या रात्री ते आईला असं काही सांगतं की पुढे काय करावं तेच सुचत नाही. असं कृत्य करणारा बहुतांश प्रकरणांत ओळखीचाच असतो. त्यामुळे पहिला सल्ला घरातूनच येतो: "आठ दिवसांनी तुमचं विमान आहे, कशाला पोलिसांच्या भानगडीत पडता?" हा सल्ला ऐकू नका. खटला संपेपर्यंत तुम्ही भारतात राहिलंच पाहिजे असं कोणताही कायदा म्हणत नाही. निघण्यापूर्वी मोजकी कामं पूर्ण झाली, तर बाकीचं बरंचसं दुरूनही होऊ शकतं. शिवाय गप्प बसण्याची मुभा मोठ्यांना नाहीच. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवायची असते. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ही शिक्षा मुलाला मात्र लागू नाही. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही घरातल्या मोठ्यांना स्पष्ट सांगा.

पात्रता: कोणाला हा कायदा लागू होतो?

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील कोणतंही मूल, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संरक्षणात येतं. मुलाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओळखपत्र) आहे की पर्यटक व्हिसा, यानं काहीही फरक पडत नाही. गुन्हा भारतात घडला, एवढं पुरे. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली चंद्रिमा दास प्रकरणात हावड्याच्या रेल्वे यात्री निवासात अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेला १० लाखांची भरपाई कायम ठेवली, आणि जगण्याचा हक्क भारतात आलेल्या परदेशी व्यक्तीलाही आहे असं सांगितलं. ठाण्यात कोणी "तुम्ही इथले नागरिक नाही" म्हणालं, तर तिथंच थांबू नका.

उशिराचं काय? तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची दखल घ्यायला न्यायालयावर कालमर्यादा नाही. म्हणजे गेल्या सुट्टीत घडलेली गंभीर गोष्ट मुलानं आज सांगितली, तरी तक्रार करता येते. लैंगिक छळासारख्या तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत मात्र मुदतीचा प्रश्न येतो, तिथं उशीर टाळावा.

निघण्यापूर्वीचे दिवस

सगळ्यात आधी दवाखाना. एफआयआर नोंदलेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते. पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती त्या वेळी जवळ असली पाहिजे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं अशा मुलावर तातडीचे उपचार मोफत करायचे असतात. नमुने साधारण ९६ तासांच्या आत घेतले तर त्यांचा उपयोग जास्त, म्हणून तोवर शक्यतो मुलाला आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका, कोरड्या कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. वेळ उलटून गेली असली तरी तपासणी कराच, कारण मुलाला उपचारांची गरज असतेच.

मग पोलीस ठाणे. घटना एका जिल्ह्यात घडली आणि तुम्ही आता दुसरीकडे मुक्कामाला असाल, तर जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवली जाणारी तक्रार, द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय स्पष्ट लिहिली आहे. पुढे तो गुन्हा योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ठाणे अंमलदारानं नोंद घेतली नाही, तर तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणासाठीची जिल्ह्यातली समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. ते झालं का, हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा.

मुलाचा जबाब ही सगळ्यात नाजूक गोष्ट, इथं घाई चालू देऊ नका. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. तो शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या हुद्द्याच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. परदेशात वाढलेल्या मुलाची खरी अडचण भाषेची असते. ते इंग्रजीत किंवा अर्धवट मराठीत सांगतं, लिहून घेणारा ते आपल्या कागदी भाषेत उतरवतो, आणि मुलाचे शब्द हरवतात. दुभाष्या मागण्याचा मुलाला हक्क आहे. अवयवांसाठी त्यानं वापरलेला शब्द जसाच्या तसा नोंदवून घ्या, लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा आणि चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. हाच जबाब खटल्यात पुन्हा पुन्हा समोर येतो, म्हणून हा अर्धा तास खर्च करण्यात कमीपणा नाही.

विमानाची तारीख जवळ असेल तर ती तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब त्याआधी नोंदवावा अशी विनंती करा. पत्राच्या प्रतीवर ठाण्याची पोच घ्या. माझ्या मते निघण्याआधी करायच्या कामांत हे सगळ्यात महत्त्वाचं.

कागदपत्रे

एफआयआरसाठी कोणतंही कागदपत्र लागत नाही, कागद नाहीत म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. पुढच्या टप्प्यांसाठी मात्र फाईल तयार ठेवा. वयाचा पुरावा सर्वांत महत्त्वाचा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला. जन्म परदेशात झाला असेल, तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. तो देश करारात नसेल तर भारतीय दूतावासातून साक्षांकन करावं लागतं. जन्माची नोंद भारतीय वकिलातीत केली असेल, तर तिचं प्रमाणपत्रही जोडा. सोबत मुलाचा आणि पालकांचा पासपोर्ट, भारतात आल्याच्या शिक्क्यासह, म्हणजे त्या दिवशी मूल इथंच होतं हे दिसतं. वैद्यकीय कागद, एफआयआरची प्रत, परदेशातला पत्ता, ईमेल आणि फोन, आणि इथं राहणाऱ्या एका विश्वासू नातेवाइकाचा संपर्क, हे सगळं तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

तुम्ही परतल्यावरच मुलानं सांगितलं तर? ऑनलाइन तक्रार देता येते, पण तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते, आणि परदेशातून ते जमेलच असं नाही. म्हणून भारतातल्या आजी, मामा, कुणालाही खबर देणारे म्हणून ठाण्यात जायला सांगा. गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतं.

परत गेल्यावर

बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं सपोर्ट पर्सन, म्हणजे खटला संपेपर्यंत मुलाला साथ देणारी व्यक्ती, नेमते. तपास आणि सुनावणीची माहिती तुम्हाला त्यांच्याकडून मिळते, तेव्हा निघण्याआधीच त्यांचा नंबर घ्या. पॉक्सोच्या गंभीर कलमांखालील तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो, आणि ९० दिवसांच्या आत प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मुलांना आणि महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, भारतातून १५१०० हा नंबर लागतो.

न्यायालयात साक्ष बंद दालनात होते. मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा, एकाच बाजूनं दिसणारी काच किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरतात, आणि वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही, न्यायाधीशांमार्फतच विचारतो. परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष भारतीय दूतावासातून व्हिडिओद्वारे घेण्याची तरतूद अनेक उच्च न्यायालयांच्या नियमांत आहे. सरकारी वकिलाकडून तसा अर्ज वेळेत करून घ्या. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं कायद्यानं मना आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा एफआयआरचा फोटो टाकू नका.

भरपाई

एफआयआर नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालयाकडे अंतरिम भरपाईचा अर्ज करता येतो. आरोपी सापडला नाही किंवा निर्दोष सुटला, तरी मुलाचं नुकसान झालं असेल तर भरपाई देता येते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत ती रक्कम द्यायची असते. नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, यांच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख अशी मर्यादा आहे, पीडित अल्पवयीन असल्यास ती ५० टक्क्यांनी वाढते, आणि पॉक्सो न्यायालयांनी हीच योजना मार्गदर्शक मानावी असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. महाराष्ट्रात मनोधैर्य या पीडितांसाठीच्या राज्य योजनेचं कामही जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहतं. अर्जासोबत एफआयआर, वैद्यकीय अहवाल, वयाचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील द्या.

घटना परदेशात घडली असेल तर

तक्रार त्या देशाच्या पोलिसांकडेच द्यायची. भारतीय दूतावास तपास करत नाही, पण वकिलांची यादी, दुभाष्या, आणि गरजू भारतीय नागरिकांना समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत मिळू शकते. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा. आरोपी भारतीय नागरिक असून पळून भारतात आला, तर इथंही गुन्हा नोंदवता येतो. तपासाला अडथळा नसतो, मात्र खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तिथला पोलीस अहवाल आणि वैद्यकीय कागद यांच्या प्रमाणित प्रती अपोस्टिल करून घेतल्या की या परवानगीच्या अर्जाची निम्मी तयारी होते, म्हणून तो देश सोडण्याआधीच त्या घ्या.