सर्वांना एकच जकात: भेदभावबंदीच्या नियमाची पार्श्वभूमी

‘मोस्ट फेवर्ड नेशन’ (सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र) हे व्यापार करारांतल्या एका नियमाचे नाव ऐकले की एखाद्या देशावर खास मर्जी बसली असे वाटते. अर्थ नेमका उलटा आहे. एका देशाच्या मालावरची जकात कमी केली, की तीच जकात इतर करारबद्ध देशांच्या तशाच मालालाही लावायची. कोणी लाडके नाही, कोणी सावत्र नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही समानता सशर्तही असे. अमेरिकेने १७७८ मध्ये फ्रान्सशी केलेल्या करारात अट होती: दुसऱ्याने मोबदला देऊन सवलत मिळवली असेल, तर तुम्हीही तेवढा मोबदला द्या. अमेरिका १९२३ पर्यंत याच धोरणाला धरून राहिली. युरोपात मात्र १८६० च्या ब्रिटन-फ्रान्स करारानंतर बिनशर्त कलमाचा प्रसार झाला. ब्रिटनचे रिचर्ड कॉब्डेन आणि फ्रान्सचे मिशेल शेव्हालिए यांनी घडवलेल्या या करारापाठोपाठ फ्रान्सने बेल्जियम, जर्मन राज्यांचा जकातसंघ, इटली यांच्याशी करार केले आणि एका करारातली कपात कलमाच्या जोरावर दुसऱ्या देशापर्यंत आपोआप पोहोचू लागली.

मग पळवाटाही निघाल्या. माझ्या मते सगळ्यांत बोलकी पळवाट आहे ती गाईची. १९०४ मध्ये जर्मनीने स्वित्झर्लंडशी करार करताना देशाचे नावच घेतले नाही. सवलत कोणाला? समुद्रसपाटीपासून किमान ३०० मीटर उंचीवर वाढलेल्या आणि दरवर्षी निदान महिनाभर ८०० मीटरवर चरलेल्या ठिपकेदार किंवा तपकिरी डोंगरी गुरांना. डेन्मार्कमधली सर्वांत उंच जागाही २०० मीटरच्या आत आहे, म्हणजे तिथली गाय कागदावर न बोलताच बाद झाली. ‘तसाच माल’ म्हणजे कोणता, हा या नियमाचा कच्चा दुवा तेव्हापासून कायम आहे.

१९३० च्या दशकात तर नियमच मोडीत निघाला. अमेरिकेचा आयातशुल्क वाढवणारा १९३० चा स्मूट-हॉली कायदा, १९३२ च्या ओटावा परिषदेत ब्रिटिश साम्राज्याने आपसांत ठरवलेल्या सवलती, जर्मनीचे द्विपक्षीय देवाणघेवाणीचे करार: जो तो आपापले गट बांधू लागला. अशा वेळी सर्वाधिक चेपला जातो तो लहान देश, कारण सौदा करायला त्याच्या हाती फारसे काही नसते. हा नियम मला मोलाचा वाटतो तो यासाठीच.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी १९३४ च्या कायद्यातून बिनशर्त समानतेची वाट पुन्हा धरली. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हात २३ देशांनी गॅट (जकात आणि व्यापाराविषयीचा सर्वसाधारण करार) या करारावर सह्या केल्या, तेव्हा पहिलेच कलम याचे होते: सवलत ‘तत्काळ आणि बिनशर्त’ सर्वांना. हे कलम बदलायला सर्व सदस्यांची संमती लागते, इतके ते पायाभूत मानले गेले. तरी चोविसाव्या कलमाने जकातसंघ आणि मुक्त व्यापार क्षेत्रांना, म्हणजे आपसांत जकात हटवणाऱ्या देशांच्या गटांना, मोकळीक दिली आणि १९७९ मध्ये विकसनशील देशांना जादा सवलती देण्याची कायमची सोय झाली. ही दुसरी सूट न्याय्य आहे. पहिलीचा मात्र इतका सढळ वापर झाला आहे की अपवादच नियमाला भारी पडतो.

गाईची युक्ती स्पेनने कॉफीवर करून पाहिली. न भाजलेल्या कॉफीचे प्रकार पाडून काहींवर जकात, काहींना माफी. फटका ब्राझीलला बसला. १९८१ मध्ये गॅटच्या पंचांनी सांगितले: पिणाऱ्याच्या कपात ती सगळी मिसळूनच येते, तेव्हा माल एकच.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने हेच तत्त्व सेवा आणि बौद्धिक संपदेलाही लावले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने, म्हणजे हल यांच्याच देशाने, देशागणिक वेगवेगळ्या आयातशुल्काची यादी जाहीर केली.