गल्लीतल्या डीपीचा खर्च कोणी किती उचलायचा?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावरून एकदा तरी वाजतंच. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, मग पैसे का भरायचे? आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनी, याचा निकाल लावून ठेवलाय. लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, कोणी वापरो न वापरो. पाण्याचे पैसे नळजोडांची संख्या आणि आकार बघून ठरतात आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. एकाच इमारतीत तीन खर्च आणि वाटणीचे तीन नियम.

गल्लीपर्यंत वीज आणणाऱ्या तारा, केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या खर्चाची वाटणी हे याच जातीचं कोडं आहे. महावितरणच्या बिलात त्याची एक स्वतंत्र ओळ असते, ‘वहन आकार’. गेली काही वर्षं घरगुती ग्राहकांसाठी हा दर युनिटमागे एक ते दीड रुपयाच्या दरम्यान राहिला आहे. वीज विकत घेण्याचा खर्च वेगळा, हा फक्त ती दारापर्यंत पोचवण्याचा. शिवाय महिन्याचा ‘स्थिर आकार’ असतो, तो मीटर एका युनिटनेही हलला नाही तरी भरावाच लागतो.

यातली मुख्य अडचण भौतिकशास्त्राची आहे. वहन आकार आपण युनिटवर भरतो, पण तारांचा खर्च युनिटवर ठरत नाही.

कोपऱ्यावरच्या डीपीचं, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचं, उदाहरण घ्या. समजा, तो २०० केव्हीएचा आहे, म्हणजे एका वेळी साधारण २०० किलोवॅटपर्यंत भार पेलणारा, आणि त्यावर १०० फ्लॅट आहेत, प्रत्येकाचा मंजूर भार ५ किलोवॅट. बेरीज ५०० किलोवॅट होते, तरीही वर्षातले बहुतेक दिवस तो ट्रान्सफॉर्मर निवांत असतो. कारण सगळ्यांचे गिझर, इस्त्र्या आणि मिक्सर एकाच मिनिटाला चालू होत नाहीत. एकाचं संपतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं. ट्रान्सफॉर्मर किती मोठा हवा, केबल किती जाड हवी, हे ठरतं ते सगळ्यांचा मिळून भार सर्वांत जास्त असतो त्या तासाला. डिसेंबरात सकाळी सातला गिझर लागतात, मे महिन्यात रात्री अकराला एसी. वर्षाच्या ८७६० तासांपैकी अशा मोजक्या तासांसाठी आपण तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड विकत घेऊन ठेवलेलं असतं. जुन्या पेठांतून भूमिगत केबल टाकायची, तर त्यात खोदाईचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्चही मिळवावा लागतो.

त्या तासाचा भार फक्त क्षमता अडवत नाही, तारेलाही तापवतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की वाया जाणारी वीज चौपट. ट्रान्सफॉर्मरच्या आत गुंडाळीभोवती कागदाचं आवरण असतं. साध्या कागदाच्या बाबतीत अभियंत्यांचा ठोकताळा असा, की ठरावीक तापमानापुढे दर ६ अंशांना त्याचं म्हातारं होणं दुप्पट वेगाने होतं. म्हणून दुपारी दोनला वापरलेलं एक युनिट आणि मेच्या रात्री अकराला वापरलेलं एक युनिट मीटरला सारखं दिसलं, तरी डीपीला सारखं नसतं.

मग वाटणी कशी करायची? यावर गणितात सुंदर काम झालं आहे. लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञाने १९५३ मध्ये एक सूत्र मांडलं. पुढे २०१२ मध्ये शॅप्लीला अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. आपल्या प्रश्नाला ते असं लावता येईल. धायरीकडच्या एखाद्या नव्या रस्त्यावर तीन बंगले आहेत, खांबापासून १००, २०० आणि ३०० मीटरवर. दर १०० मीटर केबलला ३ लाख धरले, तर एकूण ९ लाख. पहिला टप्पा तिघांना लागतो, म्हणून प्रत्येकी १ लाख. दुसरा टप्पा दोघांनाच लागतो, प्रत्येकी दीड लाख. तिसरा शेवटच्या बंगल्याचा एकट्याचा, ३ लाख. हिशेब होतो १ लाख, अडीच लाख आणि साडेपाच लाख. जो भाग ज्याला लागतो त्याचेच पैसे त्याने द्यायचे, आणि वाटेकरी असतील तर सारखे. तक्रारीला जागाच राहत नाही.

तरीही शहर अशा वाटणीवर चालवता येत नाही, आणि मला वाटतं चालवूही नये. पुढच्या वर्षी चौथा बंगला आला की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. उपकेंद्राला खेटून राहणाऱ्याला वीज स्वस्त आणि सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला महाग, हे कोणाच्या पचनी पडणार? म्हणून अंतर विचारात घ्यायचं नाही, असं आपण ठरवलं आहे. विजेचा दाब (व्होल्टेज) मात्र विचारात घेतला जातो. भोसरी-चाकणचा कारखाना उच्चदाबावर वीज घेतो, गल्लीतल्या लघुदाब तारा त्याला लागतच नाहीत, म्हणून त्याचा वहन आकार कमी असतो. शॅप्लीच्या हिशेबातला गाभा इथे टिकून आहे.

घरगुती ग्राहकांपुरती ही व्यवस्था बरीच वर्षं निभावली, कारण ज्याचे युनिट जास्त त्याचा गर्दीच्या तासातला भारही साधारण जास्तच असायचा. छतावरच्या सौर पॅनलनी हे नातं तोडलं. नेट मीटरिंगमध्ये बाहेर दिलेली वीज आत घेतलेल्या विजेतून वजा होते. त्याच्या मूळ रचनेत एखाद्या घराने दिवसा ४०० युनिट बाहेर दिली आणि रात्री ४०० आत घेतली, तर निव्वळ वापर शून्य, म्हणून वहन आकारही शून्य. त्याच घरात रात्री दोन एसी चालू असतील आणि खाली ७ किलोवॅटच्या चार्जरवर गाडी लागली असेल, तर डीपीवर त्याचा भार दहा किलोवॅट. शेजारच्या चाळीतलं १५० युनिटचं घर एका किलोवॅटच्या आसपास भार टाकतं आणि सव्वा रुपया दर धरला तर साधारण १८७ रुपये वहन आकार भरतं. सौरघर रात्री त्याच तारांवर जगतं आणि दुपारी त्याच तारांतून वीज परत पाठवतं.

सौर पॅनल बसवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. पॅनल वाढायलाच हवेत आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेने मध्यमवर्गीय घरांना ते परवडू लागले, ही मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानेही सौरग्राहकाकडून तारांसाठी वेगळा आकार घेण्याचा विचार केला होता, पण राज्यातली छतावरची क्षमता ५००० मेगावॅट होईपर्यंत तो लावायचा नाही, असं २०२० मध्ये ठरलं. नव्या तंत्रज्ञानाला सुरुवातीला हात द्यावा, हे मला पटतं. पण त्या मदतीचा भार पॅनल न परवडणाऱ्या भाडेकरूच्या युनिटदरात मिसळू नये. ती मदत सरकारी तिजोरीतून उघडपणे व्हावी.

यावर सोपा उपाय म्हणून स्थिर आकार वाढवा, असं सुचवलं जातं. तो उपाय मला धोक्याचा वाटतो. आपल्याकडे सिंगल फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार भारावर ठरत नाही. जनता वसाहतीतल्या एका खोलीला आणि एसी असलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला तो सारखाच. त्यात १०० रुपये वाढवले, तर महिना ५० युनिट वापरणाऱ्याला प्रत्येक युनिट दोन रुपयांनी महाग पडेल आणि ५०० युनिटवाल्याला वीस पैशांनी. वाढवायचाच असेल तर गर्दीच्या तासात घराने प्रत्यक्ष किती किलोवॅट ओढले त्यावर वाढवावा, आणि पहिला किलोवॅट मोकळा ठेवावा.

टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारे मीटर, आल्यापासून हे मोजता येतं. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर घरगुती ग्राहकांना २०२५ पासून जी सवलत मिळते, ती याच मीटरमुळे. मात्र ती विजेच्या राज्यभरातल्या उपलब्धतेवर बेतलेली आहे, आपल्या डीपीच्या गर्दीवर नाही. कोथरूडच्या निवासी गल्लीतला डीपी रात्री तापतो आणि लक्ष्मी रोडवरचा दुकानांच्या वेळेत. गल्लीनिहाय दर लावावेत, असं मी म्हणणार नाही. पण कोणता डीपी किती वाजता किती भरतो, याचे आकडे महावितरणने प्रसिद्ध केले, तर दरवाढीच्या सुनावणीत वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रयास’सारख्या संस्थांना आणि सामान्य ग्राहकालाही वहन आकाराच्या प्रत्येक पैशाचा हिशेब मागता येईल.