राजारामपुरी म्हणजे नुसत्या नंबरांच्या गल्ल्या?

खरं कोल्हापूर शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत. राजारामपुरीत आखीव गल्ल्या, त्यांना नुसते नंबर, तिथं रंगत कसली, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे चूक आहे. आखून वसवलेली वस्ती काही कालची नाही. कोल्हापुरातलीच शाहूपुरीची व्यापारपेठ 1895 ची. रंगत वाकड्या बोळांनी येत नाही. ती घराखालच्या दुकानानं येते, सगळं पायी जाण्याजोगं असल्यानं येते. राजारामपुरीत मुख्य रस्त्यावर खरेदीची झुंबड, आणि दोन पावलं आत शिरलं की दारात खुर्च्या टाकून गप्पा. नंबरही कोरडे राहिलेले नाहीत. ‘कितव्या गल्लीतला रं तू?’ एवढ्यावर ओळख निघते! गणेशचतुर्थीची इथली आगमन मिरवणूक बघायला पेठेतलेही येतात. रंगत घालवतात त्या तळमजल्यावर फक्त पार्किंग ठेवणाऱ्या नव्या इमारती.